सतरा वर्षांचा ड्यूक, चाळिशीतले गुरुजी आणि तुलूझ

वयात आलेल्या मुलाला परदेश दाखवायचा, हे एकदा घरात ठरते. मग देश कुठला, शहर कुठले, राहायचे किती आणि सोबत कोण जाणार, यावरून खल सुरू होतो. हा प्रश्न विमानांच्या काळातला वाटतो. पण अठराव्या शतकातील ब्रिटनच्या धनिक घराण्यांत तो प्रत्येक पिढीला पडत असे. १७६३ च्या अखेरीस अशाच एका घराने त्याचे उत्तर शोधले. त्या उत्तरातून पुढे अर्थशास्त्राचा एक युगप्रवर्तक ग्रंथ निघाला, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच प्रवासात एक मुलगा दगावला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

मुलाचे नाव हेन्री स्कॉट. स्कॉटलंडमधील बक्लू घराण्याचा तो तिसरा ड्यूक. जन्म सप्टेंबर १७४६ चा. तीन वर्षांचा असताना देवीच्या साथीत वडील गेले आणि पुढच्याच वर्षी आजोबाही गेले. म्हणजे अक्षरओळख होण्याआधीच हा मुलगा अफाट जमिनीचा धनी झाला. १७५५ मध्ये त्याच्या आईने चार्ल्स टाउनशेंड या राजकारण्याशी पुनर्विवाह केला. बुद्धीने लखलखीत, बोलण्यात चतुर आणि निष्ठेच्या बाबतीत वाऱ्यावरच्या पिसासारखा, अशी या टाउनशेंडची ख्याती होती. सावत्र मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी त्याच्यावर आली आणि ती त्याने मनावर घेतली, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

शाळा संपली की सरदारपुत्राला दोन-तीन वर्षे युरोपात फिरवून आणायचे, या रिवाजाला इंग्रज 'ग्रँड टूर' म्हणत. पॅरिसमध्ये नृत्य, तलवारबाजी आणि दरबारी चालीरीती शिकायच्या. मग आल्प्स ओलांडून फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. येताना चित्रे, पुतळे आणि पुष्कळदा कर्जही घेऊन यायचे. मुलासोबत एक शिक्षक असे. या शिक्षकाला इंग्रजांनी थट्टेने जे नाव दिले होते, त्याचा अर्थ 'अस्वल फिरवणारा', म्हणजे आपला दरवेशीच. दोरी याच्या हातात. पण जोर अस्वलाचा! १७५६ पासून सात वर्षे ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले होते, त्यामुळे हा प्रवास जवळजवळ थांबला होता. फेब्रुवारी १७६३ मध्ये तह झाला आणि फ्रान्सचा रस्ता मोकळा झाला. हेन्री त्या वेळी ईटनच्या शाळेत शेवटच्या वर्षात होता.

टाउनशेंडने आधी गाव निवडले नाही, आधी माणूस निवडला. ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवणाऱ्या ॲडम स्मिथ यांचा 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' हा ग्रंथ १७५९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून, आपल्या ड्यूकचा गुरू झाला तर हाच, असे टाउनशेंडच्या मनाने घेतले. तो ग्लासगोला जाऊन स्मिथ यांना भेटलाही. त्या भेटीची एक आख्यायिका आहे. पाहुण्याला कातडी कमावण्याचा कारखाना दाखवताना स्मिथ बोलण्यात इतके रंगले, की चामडी भिजवण्याच्या घाण पाण्याच्या खड्ड्यात पडले. गोष्ट खरी असो वा रचलेली, स्मिथ यांच्या विसराळूपणाची कीर्ती तिला साजेशीच होती. चालता चालता खड्ड्यात पडणाऱ्या माणसाच्या हाती परदेशात मुलगा सोपवणे हे धाडसच म्हटले पाहिजे. टाउनशेंडने ते केले.

ऑक्टोबर १७६३ मध्ये रीतसर पत्र आले. प्रवासाच्या काळात वर्षाला ३०० पौंड, वर खर्च. आणि नंतर आयुष्यभर वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन. प्राध्यापकीच्या मिळकतीच्या जवळपास दुप्पट रक्कम, तीही तहहयात. स्मिथ चाळीस वर्षांचे होते, अविवाहित होते, घरी वृद्ध आई होती. त्यांनी होकार दिला. सत्र अर्धवट राहणार म्हणून विद्यार्थ्यांची फी परत करण्याचा त्यांनी आग्रह धरला. विद्यार्थी घेईनात, तेव्हा एकाच्या कोटाचा खिसा धरून त्यांनी पैसे त्यात कोंबले, असे सांगतात.

आता गाव. पॅरिसमध्ये मुलगा बिघडतो, हा त्या काळच्या पालकांचा ठाम समज होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. जुगाराचे अड्डे, नाटकवाल्या बायका आणि आपल्याच देशातली रिकामटेकडी पोरे, हे सारे तिथे एका गल्लीच्या अंतरावर. म्हणून पॅरिस शेवटी ठेवायचे आणि आरंभी मुक्काम दक्षिणेत, तुलूझला करायचा, असे ठरले. निवड कागदावर उत्तम होती. हवा सौम्य; विद्यापीठ जुने; प्रांताचे उच्च न्यायालय, ज्याला तिथे 'पार्लमाँ' म्हणत, ते याच शहरात; म्हणजे सुशिक्षित वकील-न्यायाधीशांचा समाज आयताच मिळणार. शिवाय स्मिथ यांचे जिवलग मित्र, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, तेव्हा पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत सचिव होते आणि त्यांच्या ओळखीचे आबे कोल्बेर हे धर्माधिकारी तुलूझला होते. फ्रान्सचे मंत्री श्वाझल स्वतः तिथल्या प्रतिष्ठितांना शिफारसपत्रे लिहितील, असा भरवसा टाउनशेंडने दिला होता.

१३ फेब्रुवारी १७६४ रोजी गुरुशिष्य पॅरिसला पोचले. स्मिथ यांनी तिथूनच ग्लासगोला राजीनामा धाडला. ह्यूम यांच्या सहवासात थोडे दिवस घालवून दोघे दक्षिणेकडे निघाले आणि मार्चमध्ये तुलूझला घर करून राहिले.

आणि मग काहीच घडेना. श्वाझलची पत्रे आलीच नाहीत. हेन्रीला एकही फ्रेंच माणूस ठाऊक नव्हता. स्मिथ यांना फ्रेंच उत्तम वाचता येई, बोलताना मात्र जीभ अडखळे. ज्या आबेंवर भिस्त होती ते मूळचे स्कॉटलंडचेच. शहराला तेही तितकेच नवखे. भर म्हणजे, तुलूझच्या रस्त्यावर सामान्य माणसे फ्रेंच बोलतच नसत. त्यांची बोली ऑक्सितान. फ्रेंच शिकण्यासाठी निवडलेल्या गावात फ्रेंच फक्त दिवाणखान्यांत होती आणि दिवाणखान्यांची दारे बंद होती. सतरा वर्षांचा एक मुलगा, चाळिशीचे एक गुरुजी, परके घर आणि दिवसभर वाचन. यातून मुलाचे जे व्हायचे तेच झाले असणार.

५ जुलै १७६४ रोजी स्मिथ यांनी ह्यूम यांना पत्र लिहिले. त्यात तक्रार आहे, थोडी लाजही आहे. मोजक्या ओळखी झाल्या आहेत. पण त्या लोकांना घरी बोलावता येत नाही आणि त्यांच्याकडे जायची मोकळीक नेहमी नसते. इथल्या मानाने ग्लासगोचे दिवस म्हणजे चैनच होती. वेळ जावा म्हणून आपण एक पुस्तक लिहायला घेतले आहे, असेही ते सहज सांगून जातात. हे पुस्तक म्हणजेच 'वेल्थ ऑफ नेशन्स'चा आरंभ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जगाच्या अर्थविचाराला वळण देणारे लेखन एका फसलेल्या सहलीच्या कंटाळ्यातून सुरू व्हावे, हे वाचून हसू येते. पण त्याच पत्रातली दुसरी विनंती अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. सर जेम्स मॅकडोनाल्ड नावाचा एक हुशार, तरुण स्कॉटिश सरदार तेव्हा फ्रान्समध्ये होता. त्याला महिनाभर तरी इकडे पाठवा, त्याच्या वागण्याचा ड्यूकला फायदा होईल, असे स्मिथ कळवतात. मुलाला आता गुरू पुरेसा नाही, बरोबरीचा सोबती हवा, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पगार गुरूपणाचा घेत असताना हे ध्यानात येणे आणि ते लिहून कळवणे, दोन्ही सोपे नसते.

उपाय म्हणून त्यांनी मुक्काम हलवला. त्या उन्हाळ्यात ते बोर्दोला गेले, मग पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बान्येर या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेले. पाठ्यक्रमात हे काही नव्हते. ऑक्टोबरमध्ये स्मिथ यांनी ह्यूम यांना पुन्हा लिहिले, तेव्हा पत्राचा सूर बदललेला होता. या दोन फेरफटक्यांनी ड्यूकमध्ये मोठा फरक पडला आहे, तो फ्रेंच मंडळींत मिसळू लागला आहे, आणि यापुढचा काळ केवळ शांततेत नव्हे, आनंदात जाईल अशी आशा वाटते. त्याच महिन्यात हेन्रीचा धाकटा भाऊ ह्यू कॅम्पबेल स्कॉट त्यांना येऊन मिळाला. हेन्रीहून तो वर्षाने लहान. त्याला आणायला सगळे पुन्हा बोर्दोला गेले आणि नंतर तिघे मिळून माँपेलिएला गेले, तिथे भरणारी लांगदोक प्रांताची सभा पाहायला. शहर तेच, घर तेच. पण दोन भाऊ एकत्र आले आणि घराला घरपण आले.

मुलांनी या काळात काय शिकले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. गुरुजींनी काय शिकले, ते मात्र बारा वर्षांनी छापून आले. तुलूझजवळून जाणारा कालवा त्यांनी पाहिला. भूमध्य समुद्राला अटलांटिकशी जोडणारा, रिके नावाच्या माणसाने खणलेला, १६८१ मध्ये पुरा झालेला. त्याच्या जकातीचे उत्पन्न राजाने रिकेच्या वंशजांना देऊन टाकले होते आणि म्हणूनच ते कालव्याची डागडुजी मनापासून करतात, असे 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये नमूद आहे. न्यायालयांची शहरे आळशी का आणि बंदराचे बोर्दो उद्योगी का, हा विचार त्या ग्रंथात आहे. उत्तरेकडच्या महाग दारूच्या मुलखातून पलटण दक्षिणेच्या स्वस्त दारूच्या मुलखात आली, की शिपाई आधी झिंगतात आणि काही महिन्यांत गाववाल्यांइतकेच संयमी होतात, हे निरीक्षणही त्यात आहे. सतरा-अठरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन हिंडणाऱ्या माणसाने ते टिपले आहे, हे लक्षात ठेवून वाचले तर त्यातला धीर जाणवतो.

तुलूझची एक काळी बाजूही होती. झाँ कालास या प्रॉटेस्टंट कापडव्यापाऱ्याचा थोरला मुलगा मृतावस्थेत सापडला. तो कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारले, असा आरोप झाला. तिथल्या न्यायालयाने बापाला दोषी ठरवले आणि १० मार्च १७६२ रोजी चाकावर हाडे मोडून ठार केले. स्मिथ तिथे आले तेव्हा या घटनेला दोन वर्षे झाली होती. व्हॉल्तेर यांनी हे प्रकरण उचलून धरले आणि ९ मार्च १७६५ रोजी पॅरिसमध्ये कालास निर्दोष ठरला. स्मिथ आणि मुले तेव्हा त्याच शहरात राहत होती. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १७९० मध्ये, स्मिथ यांनी आपल्या पहिल्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. निरपराध माणसाच्या वाट्याला आलेल्या कलंकाविषयी लिहिताना त्यांनी तीत कालासचे उदाहरण घातले. पंचवीस वर्षे ते त्यांच्या मनात राहिले होते.

दीड वर्षानंतर मंडळी जिनिव्हाकडे वळली. जवळच फेर्नेला व्हॉल्तेर राहत. स्मिथ त्यांना भेटले आणि त्या भेटीचा आदर त्यांनी जन्मभर जपला. १७६६ उजाडण्याच्या सुमारास ते पॅरिसला आले. इटली राहून गेली. ग्रँड टूरचे शिखर मानले जाणारे रोम या मुलांनी गुरुजींसोबत पाहिलेच नाही. त्याऐवजी पॅरिसचे दिवाणखाने, नाटके, संगीत. इथे स्मिथ यांची चांदी झाली. त्युर्गो भेटले, 'भूमी हाच संपत्तीचा उगम' असे मानणाऱ्या अर्थपंडितांचे अग्रणी फ्रांस्वा केने भेटले. केने हे पेशाने राजाचे वैद्य, ही गोष्ट लवकरच महत्त्वाची ठरणार होती.

ऑगस्टमध्ये दरबार शिकारीसाठी काँपिएनच्या अरण्यात होता आणि हेन्रीही तिथे गेला होता. शिकारीहून भुकेला आला, थंड जेवण भरपूर जेवला आणि तापाने फणफणला. स्मिथ केनेंकडे धावले. केने स्वतःच अंथरुणाला खिळलेले. म्हातारा झालो, दुसऱ्या वैद्याला बोलवा, असे ते म्हणाले. तत्त्वज्ञ, अर्थपंडित ही सगळी बिरुदे त्या घटकेला बाजूला पडली. उरला तो परमुलखात दुसऱ्याच्या मुलाची जोखीम घेऊन बसलेला एक घाबरलेला माणूस. टाउनशेंडला लिहिलेल्या पत्रात स्मिथ सांगतात, की सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत आपण खोलीबाहेर पाऊल टाकत नाही, बारीकसारीक बदलावर नजर ठेवून असतो. रात्रीही बसलो असतो. पण ड्यूकच्या नोकराला ते त्याच्या हक्कावरचे अतिक्रमण वाटते आणि त्याच्या रुसव्याचा त्रास उलट रोग्याला होतो. फ्रान्सचा राजा जवळजवळ रोज विचारपूस करत होता आणि इकडे उशाशी कोणी बसायचे यावरून नोकर आणि गुरुजी यांच्यात ओढाताण! आजाऱ्याच्या खोलीत रात्र काढलेल्या कोणालाही हे खोटे वाटणार नाही.

हेन्री वाचला. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, पॅरिसला कॅम्पबेलला ताप आला. या वेळी केने आले, इतरही नामवंत वैद्य आले. त्या काळात एवढ्या तोलाचे वैद्य लंडनमध्येही एका खाटेभोवती जमले नसते. उपयोग झाला नाही.

मुलांची बहीण लेडी फ्रान्सिस तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला स्मिथ यांनी १९ ऑक्टोबर १७६६ रोजी पत्र लिहिले. ते अगदी लहान आहे. कॅम्पबेल संध्याकाळी सात वाजता गेला. आता आशा उरली नाही, हे हेन्रीला सांगण्यासाठी स्मिथ दुसऱ्या घरी गेले होते. अर्ध्या तासाच्या आत परतले. पण त्याआधी पाचच मिनिटे सारे संपले होते. आपल्या हातांनी त्याचे डोळे मिटण्याचे समाधानही लाभले नाही, असे ते लिहितात. अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलाचा उल्लेख ते आपला सर्वांत चांगला मित्र असा करतात. पुढे लिहिण्याचे बळ नाही, असे सांगून पत्र आवरते घेतात. कॅम्पबेलचा पॅरिसच्या रस्त्यात खून झाला, असे जुन्या चरित्रांत वाचायला मिळते आणि ती कथा अजूनही अधूनमधून डोके वर काढते. हे पत्र समोर असताना तिला थारा देण्याचे कारण नाही.

१ नोव्हेंबर रोजी स्मिथ आणि हेन्री डोव्हरला उतरले. ज्या टाउनशेंडने हा प्रवास आखला, तो त्याच वर्षी ब्रिटनचा अर्थमंत्री झाला होता. पुढच्या वर्षी त्याने अमेरिकेतील वसाहतींवर चहा, काच, कागद यांच्यावरील ते कुप्रसिद्ध कर बसवले आणि त्यांचे परिणाम दिसण्यापूर्वीच, सप्टेंबर १७६७ मध्ये, तो वारला. स्मिथ कर्कॉडीला आईच्या घरी परतले आणि तुलूझला सुरू केलेले लेखन जवळजवळ दहा वर्षे करत राहिले.

९ मार्च १७७६ रोजी ग्रंथ बाहेर आला. त्याच्या पाचव्या भागात, विद्यापीठांच्या चर्चेत, एक परिच्छेद आहे. शाळा सुटताच मुलांना परदेशी धाडण्याची चाल इंग्लंडमध्ये वाढत चालली आहे, असे तिथे म्हटले आहे. सतरा-अठराव्या वर्षी गेलेला मुलगा एकविसाव्या वर्षी परत येतो, तेव्हा तो तीन-चार वर्षांनी मोठा झालेला असतो, आणि त्या वयात तेवढ्या काळात थोडे तरी शहाणपण न येणे अवघडच. एक-दोन भाषांचे अर्धेकच्चे ज्ञान मिळते. बाकी तो अधिक गर्विष्ठ, अधिक उधळा, अभ्यासाला नालायक होऊन येतो. घरी राहिला असता तर इतका बिघडला नसता. विद्यापीठांची पत घसरली म्हणूनच ही बेअक्कल चाल रूढ झाली. आणि बापाचा फायदा एवढाच, की डोळ्यांदेखत वाया जाणारा मुलगा काही काळ डोळ्यांआड होतो.

हे वाचून हेन्रीला काय वाटले असेल? राग आल्याचे दिसत नाही. हा मुलगा उधळा निघाला नाही. लग्न करून तो स्कॉटलंडच्या आपल्या जमिनीवर लक्ष देऊन राहिला आणि १७८३ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीचा पहिला अध्यक्ष झाला. १७७२ मध्ये एअर बँक बुडाली, तेव्हा तिचा मोठा भागीदार म्हणून तो भयंकर संकटात सापडला. त्या वेळी सल्ल्याला होते ते हेच गुरुजी. १७७८ मध्ये स्मिथ यांना जकात आयुक्ताची पगारी नेमणूक मिळाली. आता निवृत्तिवेतन बंद करावे, असे त्यांनी स्वतः सुचवले, तेव्हा ड्यूकने ते धुडकावून लावले. जवळपास तीन वर्षे आपण एकत्र राहिलो आणि एकदाही कुरबूर झाली नाही, अशी आठवण त्याने पुढे लिहून ठेवली.

स्मिथ १७९० पर्यंत जगले. परतल्यानंतरच्या त्या चोवीस वर्षांत ते पुन्हा कधी समुद्र ओलांडून गेले नाहीत.